पुजलेला दोर

एका जंगलात, जे नकाशात मुद्दामच दाखवलेलं नाही, एक सिंह राज्य करत होता. राज्य करून करून तो कंटाळला. शिकार तर इतर मंडळी करून आणत. मग रिकाम्या सिंहाने करायचं काय? त्याने 'मौजवन' काढलं.

मौजवन म्हणजे काय, ते सांगतो. नीट मांडी घालून बसा. तिथं हत्तीच्या सोंडेचा झोपाळा होता. मगरींच्या पाठीवर पाय देत तळं ओलांडायची पैज होती. अजगराची घसरगुंडी होती. ती शेपटीकडे उतरायची. तोंडाकडे उतरलेल्यांचा अभिप्राय अजून आलेला नाही.

पण लोक यायचे ते 'काळझेप' बघायला. दरीच्या अलीकडे वड, पलीकडे खडक, मधोमध पेटलेलं कडं. वडाला बांधलेल्या दोराला धरून झोका घ्यायचा, कड्यातून पार व्हायचं आणि खडकावर उतरून वाकून नमस्कार करायचा. हे काम झिपरू वानर करायचा. रोज एकदा, रविवारी दोनदा. खाली दरी किती खोल, हे त्याने कधी मोजलं नव्हतं. ज्याने मोजलं होतं, तो एक शेकरू होता, झिपरूच्या आधीचा. तो खाली गेला तेव्हा मोजून आला. आता एका पायाने लंगडत तिकिटं फाडतो.

शेकरू पडला तेव्हा महाराजांना फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत होतं. त्यांनी समिती नेमली. समितीने तीन महिने विचार केला आणि अपघाताचं मूळ शोधून काढलं. दोराची पूजा होत नव्हती! तेव्हापासून रोज खेळाआधी दोराची पूजा सुरू झाली. शेंदूर, हळदकुंकू, आणि गाठीपाशी गूळखोबऱ्याचा नैवेद्य, पुरचुंडीत बांधून.

दोन वर्षांत दोर असा लालभडक आणि जाडजूड झाला, की बघूनच हात जोडावेत.

एकदा झोका घेताना झिपरूच्या कानाशी 'कर्र' झालं. त्याने खडकावर उतरून नमस्कार केला आणि टाळ्या घेतल्या. लोक गेल्यावर तो वडावर चढला आणि त्याने गाठीपाशी नखाने शेंदूर खरवडला. आत दोर होता. म्हणजे अर्धा होता. आणि शेजारी एक उंदीर बसून मिशा पुसत होता.

"अरे, दोर काय कुरतडतोस?" झिपरू ओरडला.

"दोर कोण खातंय काका? आम्ही प्रसाद खातो," उंदीर म्हणाला. "दोर मध्ये येतो."

झिपरू तडक तरसाकडे गेला. तरस मौजवनाचा व्यवस्थापक होता. तरसाला हसायला कारण लागत नाही, म्हणून तक्रार निवारणाचं कामही त्याच्याकडेच होतं.

"साहेब, दोर तुटायला आलाय. नवा द्या. आणि खाली एक जाळी लावा."

"ही ही ही! नवा दोर! अरे झिपऱ्या, दोन वर्षं पुजलेला दोर कापायचा? घरचे देव वर्षाला बदलतोस काय तू?"

"मग निदान जाळी तरी."

"जाळी आहे की आपल्याकडे."

जाळी खरंच होती. मोठी, मजबूत, कोळ्यांनी खास विणलेली. ती मौजवनाच्या दारावर ताणून बांधली होती, आणि तिच्यावर पानाफुलांनी लिहिलं होतं: 'सुरक्षितता हाच आमचा श्वास.'

"ती काढली तर फलक कशावर लावू? आणि जाळी दिसली की लोक म्हणणार, हा काही मरत नाही. मग त्यांनी बघायचं काय, तुझं तोंड? ही ही! जा, कासवरावांना भेट. सुरक्षा त्यांच्याकडे."

कासवराव सुरक्षा अधिकारी होते. तीनशे वर्षांत त्यांना एकही अपघात झाला नव्हता. या अनुभवावरच त्यांची नेमणूक झाली होती. ते जमिनीपासून वीतभराच्या वर कधी गेलेच नव्हते, हे अर्जात विचारलेलं नव्हतं.

झिपरूचं सगळं ऐकायला त्यांना अख्खी दुपार लागली.

"हं," ते म्हणाले. "सोपं आहे. पडतोयस असं वाटलं, की मान आत घ्यायची."

"आत? आत कुठं, रावसाहेब?"

"पाठीच्या आत. मी नेहमी घेतो." कासवरावांनी घेऊन दाखवली. मग ती बाहेर यायची वाट बघत झिपरू तासभर बसला, आणि अंधार पडायच्या आत घरी गेला.

घरी त्याची बायको सोनकी होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही उद्या जायचं नाही."

"अगं, उद्या सुरक्षा सप्ताहाचा समारोप आहे. महाराज स्वतः येणारेत. गेलो नाही तर नोकरी जाईल."

"आणि गेलात तर?"

"शेकरूचं काय वाईट झालं? त्याला शाल दिली, श्रीफळ दिलं."

"पाय दिला का?" सोनकी म्हणाली.

यावर झिपरूकडे उत्तर नव्हतं. पण मुलांनो, उत्तर नसलं म्हणून कामावर जायचं कोणी थांबतं का? तुमच्या बाबांना विचारा.

दुसऱ्या दिवशी मौजवनात मुंगी शिरायला जागा नव्हती. मुंग्यांना वेगळा दरवाजा होता. महाराज सिंहासनावर बसले. सगळ्यांनी उजवा पंजा पुढे करून सुरक्षेची शपथ घेतली. 'मी स्वतःची काळजी स्वतः घेईन, आणि काही झाल्यास ते माझ्याच चुकीमुळे झालं असं समजेन.' झिपरूनेही घेतली. मग दोराला अकरा नारळ फुटले, ताजा शेंदूर चढला, गुळाची पुरचुंडी आज दुप्पट बांधली गेली. ती बांधताना गाठीतून दोन उंदीर आदराने बाजूला सरकले.

झिपरूने दोर धरला, डोळे मिटले आणि झेप घेतली.

कड्यातून तो पार झाला. आणि नेमका तिथंच, खडक चार हातांवर असताना, दोर तुटला.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिलीच. झिपरूला शेपटी होती. मौजवनाच्या जरीच्या पोशाखात ती बसत नसे, म्हणून ती कमरेभोवती गुंडाळून आत कोंबायची असा नियम होता. पडता पडता झिपरूने नियम फाडला. शेपटी मोकळी सुटली, दरीच्या कपारीतून बाहेर आलेल्या एका उंबराच्या फांदीला तिने विळखा घातला, आणि झिपरू खाली डोकं वर पाय असा लोंबकळत राहिला. वानराच्या शेपटीला असं काही पकडता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पुस्तकात तसं लिहिलंय. पण पुस्तक लिहिणारा तेव्हा दरीत पडत नव्हता.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

आणि सगळं जंगल उभं राहिलं. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! महाराजांनी तर आयाळ झटकून दाद दिली. झिपरूला वर काढायचं मात्र कोणाला सुचलं नाही. त्याला सोनकीने काढलं.

दुसऱ्या दिवशी तरसाने त्याला बोलावलं आणि दोन कागद हातात ठेवले.

पहिल्या कागदावर लिहिलं होतं: 'आपण पूर्वपरवानगीशिवाय खाजगी शेपटीचा वापर करून गणवेशाची हानी केलीत. सबब खुलासा करावा.'

दुसऱ्यावर लिहिलं होतं: 'उद्यापासून "काळझेप" बंद. त्याऐवजी नवा खेळ: "दोर तुटतो!" रोज तीन वेळा.'

"साहेब, तीन वेळा?"

"लोकांची मागणी आहे, झिपरूशेठ! ही ही ही! शेपटीला आता आम्ही रीतसर परवानगी देतोय."

"मग निदान आता तरी खाली जाळी..."

"आता जाळी कशाला? शेपटी आहे की!"

आणि मौजवनात कधी नव्हे ती सुरक्षेची लगबग सुरू झाली. दोर ऐन वेळी तुटला नाही तर लोकांची निराशा व्हायची. म्हणून कासवराव पहाटे निघून दुपारच्या पहिल्या खेळापर्यंत वडाशी पोचू लागले. पुन्हा बांधलेला दोर पुरेसा कुजका आहे ना, हे बघून ते त्यावर 'तपासला' अशी खूण करत. उंदरांना कंत्राटावर घेतलं. त्यांना गणवेश मिळाला, ओळखपत्र मिळालं, आणि दात दुखले तर सुट्टीही मिळू लागली. झिपरूने सुट्टी मागितली, तेव्हा तरस इतका हसला की त्याला स्वतःलाच घरी जावं लागलं.

दहा दिवस गेले. रोज तीन वेळा पडायचं, तीन वेळा लोंबकळायचं. सोनकी रात्री हळद आणि तीळतेल लावायची. अकराव्या दिवशी तिने पाहिलं, तर शेपटीची कातडी गेली होती आणि आतलं लालभडक मांस दिसत होतं.

"जरा वळवून दाखवा," ती म्हणाली.

झिपरूने जोर लावला. शेपटी अर्धी वळली आणि ओल्या कपड्यासारखी खाली पडली.

"उद्यापर्यंत बरी होईल," झिपरू म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

झिपरू झोपल्यावर सोनकी उठली. ओढ्याकाठचं घायपात तिने आधीच कुजत घातलं होतं. ते तिने ठेचलं, त्याचे धागे काढले, पीळ दिला आणि पहाटेपर्यंत दोर वळला. तीनपदरी, मनगटाएवढा. मग वडावर चढून तिने जुना दोर सोडला, त्याचा शेंदूर खरवडून नव्याला फासला आणि वडाला पक्की गाठ मारली. पुरचुंडी मात्र तिने खालच्या दगडावर सोडून ठेवली. उंदरांनी ती तिथंच बसून खाल्ली. प्रसादाशी मतलब!

कासवराव आले. दोर लाल आहे, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी खूण केली.

झिपरूला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोर हातात घेताना त्याला एवढंच कळत होतं, की आज शेपटी वळणार नाही. गर्दीत त्याने सोनकीला शोधलं. ती वडाच्या फांदीवर बसली होती. 'हिने तरी बघू नये,' असं त्याच्या मनात आलं. मग त्याने झेप घेतली.

कडं मागे गेलं. आता तुटेल. खडक चार हातांवर आला. आता. दोन हातांवर आला. झिपरूने दात आवळले.

आणि त्याचे दोन्ही पाय खडकावर टेकले.

तो तसाच उभा राहिला. मग त्याने हातातला दोर पाहिला. मग वडाकडे पाहिलं. सोनकीने दोन्ही हात वर करून दाखवले. तळवे लाल होते. थोडे शेंदराने, बाकीचे फोडांनी. झिपरूला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. त्याने वाकून नमस्कार केला. आयुष्यातला सगळ्यात सुंदर नमस्कार.

एकही टाळी पडली नाही.

"तुटला कसा नाही?" एक रानडुक्कर म्हणालं.

"फसवणूक!" सांबरांच्या रांगेतून आवाज आला. "आम्ही पोरंबाळं घेऊन आलोय इथं! पोरांना काय दाखवायचं, दोर?"

मग कणसं आली. मग दगड आले. मग पूजेला आणलेला एक अख्खा नारळ आला आणि झिपरूच्या कपाळावर बसला. रक्ताची धार लागली. तेव्हा कुठं लोकांना जरा बरं वाटलं.

महाराजांनी चौकशीचा हुकूम दिला. तरस पहिल्यांदाच हसला नाही. कासवरावांनी मौजवनाची अपघात नोंदवही मागवली. ती कोरी करकरीत होती. शेकरूच्या वेळी ती बांधून यायची होती. त्यांनी ऐटीत बोरू बुडवला आणि मौजवनाच्या इतिहासातली पहिली नोंद केली:

'अपघाताचे स्वरूप: दोर न तुटणे. जखमी: एक वानर. कारण: दोर मजबूत होता. दोषी: सदर वानर, दोर कुजका असल्याची खात्री न करता उडी मारली. उपाय: वानरास कामावरून कमी करणे, आणि यापुढे मजबूत वस्तू मौजवनाच्या आवारात आणण्यास सक्त मनाई.'

झिपरूला दारातून बाहेर काढलं, तेव्हा सोनकीने पदराच्या टोकाने त्याचं कपाळ दाबून धरलं.

"गेली ना नोकरी," तो म्हणाला.

"गेली," ती म्हणाली. "चला, जेवायला उशीर होतोय."

आत भोंगा वाजला. वडाखाली नव्या उमेदवारांची रांग लागली होती. ती फाटकाबाहेर पार ओढ्यापर्यंत गेली होती, आणि तिच्यात सगळ्यात पुढे एक अस्वल उभं होतं. अस्वलाने कासवरावांना अदबीने विचारलं, "दोर तुटल्यावर नेमकं कशाने लटकायचं असतं, साहेब?"

कासवरावांनी यादी चाळली. "ते प्रशिक्षणात सांगतील," ते म्हणाले. "आधी शपथ घे."

तात्पर्य: जीव ही मौल्यवान वस्तू आहे. मुलांनो, मोठेपणी नोकरीला लागलात तर ती घरीच ठेवून जा. कामाच्या ठिकाणी हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. आणि चुकून सुखरूप राहिलात, तर प्रेक्षकांची माफी मागायला विसरू नका.