लाल पिकअप आणि जाड आवाजाची चोरी

"वहिनी, दारातली चप्पल बघून मी छातीठोक सांगू शकतो, तिचा मालक या क्षणी घरात आहे!"

वहिनीने दाराकडे पाहिलं. चप्पल दादाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची होती. दादा समोरच फरशीवर मांडी घालून बसला होता. तेव्हा निष्कर्ष चुकला असं म्हणायला जागा नव्हती.

"माझा मेंदू विश्रांती घेतच नाही," भाऊजी पुढे म्हणाले. "रात्री झोपेतसुद्धा त्याचं काम चालूच."

"तरीच दिवसा त्याला डुलकी लागते," वहिनी म्हणाली आणि रांगत्या लेकीच्या, छकुलीच्या तोंडातून एक स्क्रू काढून घेतला.

भाऊजी म्हणजे दादाचे धाकटे भाऊ. धंद्याने खाजगी गुप्तहेर; निदान तसं कार्ड तरी त्यांनी छापून घेतलं होतं. कार्डावर 'तर्कसम्राट' हे बिरुद होतं. ते त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते जन्मात सुचलं नसतं. त्यांचं सर्वात ताजं प्रकरण छकुलीच्या हरवलेल्या मोज्याचं. भाऊजींच्या मते तो एका टोळीने पळवला होता. टोळी एकच मोजा कशाला पळवेल, असं वहिनीने विचारलं तेव्हा ते गूढ हसून म्हणाले होते, "तिथंच तर त्यांची हुशारी आहे." मोजा अजून फरार होता.

आजचं प्रकरण मात्र घरच्या पोटापर्यंत आलेलं होतं. दादा एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. छकुली झाल्यावर त्याने बरेच महिने सुट्टी घेतली, आणि त्या सुट्टीत घरातली एकेक चालू वस्तू दुरुस्त करून बंद पाडली. मिक्सर गेला. घंटी गेली. मग बेसचा नंबर लागला. तिच्या तारांखाली दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे चुंबकांची चपटी पट्टी आणि तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. वर तार थरथरली की पट्टी ते ऐकते आणि अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला सांगते. खालच्या पिकअपची वायर तुटली. शहाणा माणूस नवा पिकअप आणतो. दादा म्हणाला, "आपण स्वतःच गुंडाळू. आपला खास!" भाऊजी म्हणाले, "मी आहेच!" असे दोन शहाणे एकत्र आले की तिसऱ्याने देव पाण्यात ठेवावेत.

हातड्रिलला पट्टी अडकवून त्यांनी नवी वायर गुंडाळली, वहिनीच्या नेलपॉलिशची अख्खी बाटली ओतून वरचं झाकण लालभडक केलं आणि सगळं जोडून टाकलं. आणि चोरी झाली. बटण फिरवून वरचा पिकअप एकटा उघडला की आवाज भरदार. खालचा एकटा उघडला तरी भरदार. दोन्ही एकत्र उघडले की बेसमधला बेस, तो जाड आवाजच, गायब.

सकाळीच बँडच्या ड्रमरबाईंचा फोन आला होता. बँड त्यांचाच. फोन स्पीकरवर होता.

"काल तू बेस वाजवत होतास की डब्यात डास कोंडला होतास?"

"एकच पिकअप उघडा ठेवतो ना मी," दादा गयावया करत म्हणाला.

"आणि एकटा पिकअप स्टेजच्या दिव्यांखाली घूं घूं करत बसतो, ते कोण ऐकणार? मला दोन्ही हवेत, नीट हवेत. संध्याकाळी कार्यक्रम आहे. जमत नसेल तर येऊ नकोस, दुसरा बेसवाला तयार आहे. सुट्टीच घ्यायची तर मग कायमची घे."

फोन बंद झाला. दादाचा चेहरा उतरला. भाऊजींचा उजळला.

"दादा, काळजी कशाला? बँड सुटला तर माझ्याकडे साहाय्यकाची जागा रिकामी आहे."

वहिनीला पुढचं सगळं दिसलं. दोघे भाऊ दिवसभर घरात, हातात भिंग, अंगात ऊत, आणि रांगणारं पोर पायात. एकत्र काम करण्याची त्यांची तऱ्हा तिने कालच पाहिली होती. भिंतीतला खालचा प्लग छकुलीच्या बोटांच्या टप्प्यात आला होता, म्हणून कपाट सरकवून तो झाकायचा होता. दोघांनी दंड थोपटले. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघांनीही जीव खाऊन ढकललं. कपाटातली भांडी वाजली, दोघांच्या कपाळाला घाम आला, कपाट जिथल्या तिथे. "जड आहे," दादा म्हणाला होता. "फारच जड," भाऊजींनी तर्क केला होता. त्यानंतर प्लगवर वहिनीने उशी लावून ठेवली होती, आणि उशीवर स्वतःचा एक डोळा.

"तपास सुरू!" भाऊजींनी भिंग काढलं. "संशयित क्रमांक एक: तारा. दादा, तारा नव्या आहेत?"

"हो."

"मग उघड आहे. नव्या तारा. नवं घर. अजून रुळल्या नाहीत. बुजल्यात बिचाऱ्या."

"एकेका पिकअपवर बुजत नाहीत त्या," वहिनी म्हणाली. "दोघांच्या समोरच लाजतात वाटतं?"

भाऊजींनी ऐकलं न ऐकलं केलं. "संशयित क्रमांक दोन: नेलपॉलिश. म्हणजेच नेलपॉलिशची मालकीण." भिंग वहिनीकडे वळलं. "हेतू मत्सर. नवरा बेसला तासन् तास मांडीवर घेऊन बसतो!"

"भाऊजी, छकुलीला दिवसभर मांडीवर मी घेते. मला बेसवाल्याचा हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी, की बेस मांडी ओली करत नाही."

दादा खुदकन हसला आणि भावाची नजर पाहून खोकला.

अँप चालूच होता. दादाने उदास मनाने वरचा पिकअप उघडला आणि एक जाड, संथ सूर छेडला. किरकिरणारी छकुली अँपशेजारच्या गोधडीवर आडवी झाली, अंगठा तोंडात. पोटात असल्यापासून तिला त्या आवाजाची सवय. तिचे डोळे मिटायला लागले. दादाने वरचा बंद करून खालचा उघडला. डोळे मिटलेलेच. मग त्याने दोन्ही उघडले. सूर पापडासारखा पातळ झाला आणि छकुलीने भोकाड पसरलं.

"साक्षीदार बोलला!" भाऊजी ओरडले. "ती गुन्हेगाराला ओळखते!"

"तिला फक्त झोप कळते," वहिनी म्हणाली. पण तिचे हात थबकले. पोराला थोपटता थोपटता ती पुटपुटली, "हा एकटा बरा. तो एकटाही बरा. दोघे मिळून शून्य." आणि तिची नजर आपोआप गेली ती जागच्या जागी उभ्या असलेल्या कपाटाकडे.

इकडे भाऊजी लाल झाकणावर ओणवे झाले होते. "अहाहा! दादा, बघ! वाळलेल्या रंगात ठसा. अंगठ्याचा. आणि हा अंगठा डाव्या हाताचा!" ते ताठ उभे राहिले. आवाज खाली गेला. "ज्याने या पिकअपशी छेडछाड केली तो इसम डावखुरा आहे."

"बाप रे," दादा म्हणाला. "आपल्या ओळखीत डावखुरं कोण आहे?"

दोघे भाऊ विचारात बुडाले. भाऊजींनी वर्तमानपत्राच्या कडेला संशयितांची नावं लिहायला घेतली. "पोस्टमन. वरच्या मजल्यावरचे वकील. तुमची ड्रमरबाई, ती तर दोन्ही हातांनी बडवते. खोल कट दिसतोय." पेन्सिल झरझर चालत होती. कुठल्या हातात चालत होती ते वहिनी बघत होती. इतकी वर्षं हा हात तिच्या घरी जेवत होता; दर पंगतीला शेजाऱ्याच्या कोपराला लागत होता.

"भाऊजी," ती अगदी गोडीत म्हणाली, "गुप्तहेर लोक गुन्हा पुन्हा घडवून बघतात ना? पिकअप गुंडाळला तेव्हा नेमकं काय काय झालं, तेवढं करून दाखवा की."

असल्या विनंतीला भाऊजी कधी नाही म्हणत नसत. हातड्रिल आलं.

"मी दांडा फिरवायला बसलो," दादा म्हणाला. "असा, जुने वेढे होते त्याच दिशेने. पण माझा हात भरून आला, म्हणून मी वायर धरली आणि दांडा याच्याकडे दिला. मग माझे वेढे सोडवून सुरुवातीपासून सगळं यानेच गुंडाळलं." त्याने उजव्या हाताने दांडा पुढे ढकलून दाखवला. ड्रिलचं तोंड एका बाजूला फिरलं.

"आणि मी असा," म्हणत भाऊजींनी ड्रिल घेतलं, सहज पालथं केलं, दांडा डाव्या हाताशी आणला आणि पुढे ढकलला. तोंड फिरलं. दुसऱ्या बाजूला.

"अरे, पालथं का धरलंस?"

"पालथं कसलं? दांडा हाताशी नको?"

छकुलीने उचकी दिली.

"म्हणजे वेढे उलटे बसलेत," वहिनी म्हणाली. "वरचा पिकअप ढकलतो तेव्हा खालचाही त्याच्याच अंगावर ढकलतो. काल तुम्ही कपाट हलवलंत ना, अगदी तसं. एकेकटे पैलवान, दोघे मिळून कपाट जागेवर. खालच्याच्या दोन वायरींची अदलाबदल करून बघ रे. ही इकडे, ती तिकडे. आणि थांब, वायरी डकवायची सोल्डरची सळई तापवण्याआधी मी पोरीला बाहेर नेते."

ती छकुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तापलेल्या सळईच्या टोकावरून तिने नजर हलवली नाही. दादाने दोन वायरी सोडवल्या आणि उलट्या जोडल्या. त्याने श्वास रोखून दोन्ही पिकअप उघडले, सूर छेडला.

खिडकीची काच थरथरली. सूर जमिनीतून वर आला, पायातून पोटात गेला. ती घूं घूंही गेली. छकुलीची मान वहिनीच्या खांद्यावर पडली आणि ती तिथेच झोपली.

दादाने आनंदाने वहिनीकडे पाहिलं. तो काही बोलणार तेवढ्यात भाऊजींनी हात वर केला. डावा.

"मी काय म्हटलं होतं? इसम डावखुरा! तुम्ही हसत होतात. शेवटी माझाच तर्क खरा ठरला की नाही?"

"ठरला," वहिनी म्हणाली. "आरोपीला अटक करताय ना मग?"

"पुराव्याअभावी सोडतो," भाऊजी उदारपणे म्हणाले.

दादा घाईघाईने कपडे बदलून, बेस पाठीला लावून निघाला. दारातली चप्पल गेली. "मालक आता घरात नाही," भाऊजींनी लगेच निष्कर्ष काढला.

संध्याकाळ झाली. वहिनी एक डोळा फोनवर, एक डोळा उशी लावलेल्या प्लगवर ठेवून बसली होती. फोन वाजला. मागे टाळ्या, आणि दादाचा धापा टाकणारा आवाज. "अगं, दुसऱ्या बेसवाल्याला बाईंनी घरी पाठवलं! म्हणाल्या, पुढच्या आठवड्यापासून रोज सरावाला ये, सकाळ ते संध्याकाळ!"

"रोज?" वहिनीने विचारलं. "सकाळ ते संध्याकाळ?" आणि कैक महिन्यांनी तिने पाठ खुर्चीला टेकली.

"साहाय्यकाची जागा रिकामीच राहिली म्हणायची," भाऊजी हळहळले. मग बाह्या सरसावल्या. "असो. वहिनी, कपाटाचं बघू? पण दादा नाही. एकट्याला जमायचं नाही हं, फार जड आहे."

"बघा तर ढकलून."

भाऊजींनी एका टोकाला खांदा लावला. कपाट लोण्यासारखं सरकलं, थेट प्लगसमोर जाऊन थांबलं. ते जिथे उभं होतं तिथल्या धुळीत एक छोटासा मोजा पडला होता.

भाऊजींनी भिंग काढलं, खाली वाकले, बराच वेळ पाहिलं.

"वहिनी," ते कुजबुजले, "टोळी इथवर येऊन गेली."