सावळेरामचा दमलेला कळप

सावळेरामच्या शेडमध्ये ‘भंगार’ हा शब्द काढला, की माणसाला बाहेर काढतात. काढतात म्हणजे तो स्वतःच काढतो, दंडाला धरून. मला आजवर चारदा काढलंय. पेठला हायवेच्या कडेला माझं मेडिकल आणि त्याचं शेड भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे चार पावलांत मी माझ्या दुकानात असतो. पण अपमान तो अपमानच.

शेडमध्ये असतात बॅटऱ्या, अपघातात चुरडलेल्या विजेच्या मोटारींच्या. जुन्या व्हॅनचं किंवा रिक्षाचं इंजिन काढायचं आणि त्या जागी या बॅटऱ्या बसवून गाडी विजेवर पळवायची, हा त्याचा उद्योग. “मुदत संपलेला माल आहे रे हा,” असं मी एकदा म्हणालो, तर तो केवढ्यानं उसळला. “ओ मेडिकल, मुदत तुमच्या गोळ्यांची संपती! ही दमलीय, मेली न्हाई!”

हे त्याचं पालुपद. मी कुणाला खोकल्याचं औषध देत असतो आणि भिंतीपलीकडून डरकाळी येते, “मेली न्हाई!” गिऱ्हाईक दचकून माझ्याकडे बघतं. माझा धंदा कसा चालतो ते मलाच ठाऊक.

मोटारीची बॅटरी म्हणजे एक ठोकळा नसतो, आत वहीएवढे चपटे डबे असतात. सावळेराम एकेक डबा विजेनं भरतो, त्यावर बल्ब लावतो आणि बल्ब किती वेळ जळतो ते घड्याळ लावून बघतो. मग डब्यावर गेरूचा पट्टा ओढतो. एक पट्टा दांडगा, दोन पट्टे मध्यम, तीन पट्टे दुबळा. घराणं मेंढपाळांचं. बापानं मेंढ्यांच्या पाठीवर जसे पट्टे ओढले, तसे हा डब्यांवर ओढतो. दाराशी वाळूच्या चार बादल्या ठेवल्यात, काही पेटलंच तर म्हणून. त्या बादल्यांकडे बघून माझ्या बायकोला रोज धडकी भरते आणि त्यावरून बोलणी मला बसतात.

त्याच्या पहिल्या व्हॅनमधून आम्ही संकष्टीला ओझरला निघालो, ही माझी चूक. नारायणगाव ओलांडलं आणि व्हॅन थांबली. नव्या पातळात माझी बायको आणि धुवट पांढऱ्या शर्टात मी, भर उन्हात ते धूड ढकलत होतो. सावळेराम आत बसून स्टिअरिंग धरून आमच्यावरच ओरडत होता, “जोर लावा की, राव!” बंद का पडली, तर या शहाण्यानं दुबळे डबे दांडग्या डब्यांच्या मधोमध जोडले होते.

“कळपात दुबळं जनावर मधीच घ्यायचं असतं,” तो म्हणाला. “दांडगी त्याला संगं घिऊन चालत्यात.”

मेंढ्या चालत असतील. विजेला कुठली माया? एक डबा रिकामा झाला, की अख्खी रांग थांबते. हे कुठल्याही वायरमननं सांगितलं असतं, पण सावळेराम विचारेल तर ना! आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

त्यानंतर त्यानं सगळे डबे सोडवले. तीन पट्ट्यांचे सगळे एका बाजूला काढले आणि त्यांचीच वेगळी गाडी बांधायला घेतली. स्कूटरची चार चाकं, बसकी चौकट, वर एक खुर्ची. चालवून बघितली तर शाळेतली पोरं तिच्या पुढं चालत गेली. माझ्या दुकानासमोर ती अशी रेंगाळे, की मागं हॉर्न वाजवणारे शिव्या मात्र मला घालत.

याच सुमारास मला एक गोष्ट कळली आणि मी खरोखरच भडकलो. सावळेरामचा थोरला भाऊ भिकाजी अजून मेंढ्या राखतो. गेल्या वर्षी कळप हायवे ओलांडताना एका टेम्पोनं त्याचा पाय मोडला. औषधं माझ्याकडूनच जातात. चार पावलांपलीकडे त्याला चालवत नाही, म्हणून त्यानं अख्खा कळप विकायला काढला होता. भावाभावांत कितीतरी वर्षांचा अबोला. बाप गेल्यावर सावळेरामनं वाटणीच्या मेंढ्या विकून गॅरेज टाकलं, तेव्हापासूनचा.

मी शेडमध्ये जाऊन ओरडलो, “तिकडे सख्खा भाऊ कळप विकतोय, आणि तू या भंगाराला गोंजारत बसलायस? लाज वाटत नाही?”

त्यानं मला बाहेर काढलं. चौथ्यांदा.

सोमवारी सकाळी मी भिकाजीच्या वस्तीवर गोळ्या द्यायला गेलो. व्यापाऱ्याची पिकअप येऊन उभी होती. एवढ्यात वळणावरून ती रेंगाळगाडी आली, खुर्चीत सावळेराम. तिला आवाज नाही, त्यामुळे एकही मेंढी बुजली नाही. दोन कोकरं चाकं हुंगायला लागली. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती गाडी हळू चालते, कारण मेंढ्या हळू चालतात.

भिकाजीनं मान वर न करता विचारलं, “हे भंगार कशाला आनलं हितं?”

मी डोळे मिटून घेतले. पण डरकाळी आलीच नाही.

“दादा,” सावळेराम म्हणाला, “बसून तर बघ. दमलेल्या बॅटऱ्या हायेत, पळायच्या न्हाईत. पर दिसभर चालत्याल.”

भिकाजी काठीच्या टोकानं चाक ढोसून बघायला लागला. मग काठी टेकत उठला, खुर्चीत बसला आणि त्यानं हँडलची मूठ पिळली. गाडी निघाली, तोंडानं त्यानं हाळी दिली आणि कळप नेहमीसारखा त्याच्यामागं वळला. व्यापारी हसून म्हणाला, “ह्या भंगारावर किती दिस राखनार?” मग मात्र सावळेराम त्याच्यावर असा तुटून पडला, की पिकअप मागच्या मागंच हायवेपर्यंत गेली. इतका राग मी त्याच्या शेडमध्येही पाहिला नव्हता.

पुढून भिकाजीचा आवाज आला. “सावळ्या, मागं लंगडं ऱ्हायलंय. उचलून घे.”

सावळेरामनं ते कोकरू खांद्यावर घेतलं आणि तो कळपामागून चालू लागला. मी बघतोय हे दिसताच शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत माझ्यावर खेकसला, “काय बघताय, मेडिकल? दुकान उघडा जावा!”

मी मुकाट्यानं निघालो. त्या दिवशी पेठला येईपर्यंत मी फक्त स्वतःवरच चिडलेलो होतो.