टीव्ही कार्डातल्या मुंग्या

'दौंड जंक्शनात गाडी चुकेल, माझा अंदाज चुकायचा नाही. पुण्यात असतो तर पोलीस माझ्या दारात रांग लावून उभे राहिले असते,' असं आमचे हे स्वतःविषयी सांगतात. नाव हनुमंतराव. नोकरी रेल्वेच्या ऑफिसात, डिटेक्टिव्हगिरी घरी. हाताखाली मी, सुलक्षणा. पगार नाही.

घरात वेगळा टीव्ही नाही. यांनी कॉम्प्युटरमध्येच टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून घेतलंय. कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या गोल भोकात केबलची वायर खोचली, की मॉनिटरवर चॅनेल दिसतात. माझं व्रत असं, की संध्याकाळची आरती तिथं पाहिल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी मी पुरणपोळ्या झाकून पडद्यासमोर बसले, तर चित्राऐवजी नुसत्या मुंग्या! आरती तर सुरू होत आलेली.

"कुणी हलायचं नाही!" हे ओरडले.

"हाललंय कोण?" शेंगा सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या.

यांनी भिंगातून मॉनिटर न्याहाळला. "मालगाडी! तिच्या हादऱ्यानं चॅनेल सांडलेत."

"पण अहो, मालगाडी रोजच जाते," मी हळूच म्हटलं.

"रोज जाते म्हणूनच तिचा संशय येत नाही. दुसरा संशयित शेजारचा मल्हारी. आपलं चित्र त्यानं ओढून घेतलंय."

"ते परवापासून केडगावला आहेत. घराला कुलूप आहे."

"बघ! निर्दोष माणूस कुलूप कशाला लावेल?"

मी जपमाळ हातात घेतली. भुकेला तेवढाच उद्योग.

शेवटी सासूबाईच उठल्या. बटण बंद करायला लावून त्यांनी डबा फिरवला आणि वायर उपटली. टोकाला लालपिवळा लगदा!

"हणम्या, ह्ये काय रं?"

हे गोरेमोरे झाले. सकाळी घरातल्या यंत्रांची पूजा यांनीच केली होती. वायर काढून डबा पुसला, आणि कार्ड आतल्या बाजूला, मग त्याला ओलं हळदकुंकू पोचणार कसं, म्हणून बोट थेट भोकातच घातलं. वर वायर खोचून दिली.

"आरं, टिळा कपाळाला लावत्यात. तू घशात कोंबलास व्हय!"

माझ्या वातींच्या कापसानं सासूबाईंनी भोक स्वच्छ पुसलं. वायर लागली, चित्र आलं. पुजारी शेवटचा कापूर ओवाळत होते. मी हात जोडले आणि लगेच ताट वाढून घेतलं.

यांनी भिंग रुमालात गुंडाळलं. "तरी मी पहिल्यापासून म्हणत होतो, गुन्हेगार घरातलाच असणार."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर सुचलं होतं, अगदी चांगलं सुचलं होतं. पण तोंडात पुरणपोळी होती.