काठ कोरडा ठेवणारे मुंजाजी सर

विद्यार्थ्याने सूर मारला की इतर प्रशिक्षक विद्यार्थ्याकडे पाहतात. आमच्या महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक मुंजाजी सर हौदाच्या काठाकडे पाहत. उकिडवे बसून तळहाताने सिमेंट चाचपत आणि ओल लागली की गरजत, "काठ वला केलास बे! नीघ भाईर. आज तुझं पोहणं बंद!"

हा सरांचा विक्षिप्तपणा होता, असे आमचे माजी उपप्राचार्य आजही सांगत फिरतात. ते साफ चूक आहे. मी तेव्हा ग्रंथपाल होतो आणि हौदाची परवानगी मागायला सरांबरोबर मीच गेलो होतो. वर्ष दुष्काळाचे. ऊसच नसल्याने केज तालुक्यातला आमचा सहकारी साखर कारखाना बंद पडलेला. त्याच्या खोल हौदात तेवढे पाणी टिकून होते आणि त्यावर शेजारच्या छावणीतली जनावरे जगत होती. कारखान्याच्या अध्यक्षांनी अट घातली, "पोहा खुशाल, सर. पर थेंब भाईर सांडला न्हाई पायजे. ढोरं लई तहानली हायेत."

सरांनी ती अट अक्षरशः पाळली. एका विद्यार्थ्याने वैतागून विचारले, "सर, पाणी न उडवता उडी मारायची कशी?"

"सुई कापडात जाती तशी. कापड उडतंय का बे?"

सुई होणे जमले ते विद्यार्थ्यांत एकट्या संगीताला. तिला घेऊन आम्ही दोघे विद्यापीठाच्या स्पर्धेला एसटीने गेलो. पाणी जितके कमी उडेल तितके गुण जास्त, हा नियम आम्हाला तिथे प्रथम कळला. सरांना तो आधीपासून ठाऊक होता, ही उपप्राचार्यांची दुसरी थाप. सरांनी चकित होऊन मला विचारले होते, "ग्रंथपाल, ह्यांच्याकडं बी छावणी हाय का?"

संगीताने सूर मारला. पाण्यावर एक वर्तुळ उमटले आणि विरले. पंचांनी माना डोलावल्या. पण ती वर येईना. मी रोखून धरलेला श्वास संपला, तरी येईना. तेव्हा सरांनी अंगावरच्या कपड्यांनिशी, गळ्यातल्या शिट्टीसकट, तलावात अशी उडी घेतली की पंचांचे कागद भिजले.

"पाय घसरला बिचाऱ्याचा," असे उपप्राचार्य म्हणतात. ते त्या दिवशी बीडला होते. मी काठावर होतो. पाय घसरणारा माणूस आधी चपला काढून ठेवत नाही. सरांच्या चपला मी स्वतः उचलल्या.

दोघे एकदमच वर आले. संगीता हसत होती; सर पांढरेफटक पडले होते.

"कावून थांबलीस गं खाली?"

"एवढं निवळ पाणी जल्मात बघितलं न्हवतं, सर. म्हणून तळाला जरा बसले."

इतका सुटकेचा निःश्वास मी त्यानंतर कधी टाकलेला नाही. तिला दुसरा क्रमांक मिळाला, हे मला बऱ्याच वेळाने उमगले.

परतीच्या एसटीत सर ओल्या कपड्यांनी माझ्या शेजारी बसले होते. कित्येक गावे मागे पडली. मग पुढच्या बाकावरच्या संगीताला हळूच म्हणाले, "खाली बसायचं असलं तर सांगून बसत जा, माय. वर म्या एकटाच असतो."

त्या दिवशी काठावर मी होतो, पंच होते, चार महाविद्यालयांचे संघ होते. पण सरांचे हे विधान मी खोडून काढले नाही.