लांबच्या गाडीचा माल

त्या दिवशी सकाळपासून गारठा होता. ऊन पडलं होतं, पण नावापुरतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, आज आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबीणबाई जेवायला येणार आहेत. सुपासाठी दोन किलो टोमॅटो आणि एक पपई, एवढं आणाल?"

आणीन म्हणालो. मुलाकडे राहायला आल्यापासून मला कुणी काम म्हणून सांगितलं नव्हतं. हे नीट पार पडलं, तर भाजीची पिशवी कायमची माझ्याकडे येणार होती. नाही तर आहेच, खिडकीत बसून येणारी-जाणारी माणसं बघणं.

शाळेची पायरी मी चढलो नाही, पण चाळीस वर्षं या शहराकडे येणाऱ्या भाजीच्या गाड्या भरल्या. तीन दिवसांचा रस्ता. माल मीच निवडायचो. म्हणून दुकानातही एकेक टोमॅटो दाबून, हिरवागार आणि टणक तेवढा घेतला. पपईही तशीच.

भाजीवाली म्हणाली, "बाबा, हे लाल घ्या की."

"लाल माल टिकत नाही, बाई."

"तुम्हाला टिकवायचाय कशाला?"

(हिला धंद्यातलं कळत नाही, असं मला वाटलं.)

संध्याकाळी मुलानं एक टोमॅटो ओट्यावर आपटून पाहिला. ओटा वाजला. "बाबा, हा कुठे पाठवायचाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाहुण्या यायला तासभर होता. ऊब मिळाली की माल पिकतो, हे मला ठाऊक. (दिवस किती लागतात, हेही ठाऊक होतं, पण घाबरलेल्या माणसाला अर्धंच आठवतं.) सगळा माल मुलाच्या पलंगावर मांडला, उशाला पपई ठेवली, वर दोन रजया घातल्या.

सूनबाई आली ती साहेबीणबाईंना घेऊनच. टोमॅटो हिरवे निघाले हे ऐकून ती सुपासाठी बटाटे सोलायला बसली. बाई हात धुवायला आत गेल्या आणि पलंगाकडे बघून दबक्या आवाजात विचारत्या झाल्या, "कोण आजारी आहे?"

"आत्या," मुलगा पटकन म्हणाला. (मला बहीण नाही.)

बाई फार मायाळू. कुणी अडवायच्या आत त्यांनी रजईखाली हात घालून कपाळ चाचपलं.

"अहो, अंग गार पडलंय. डॉक्टरला बोलवा आधी."

मुलगा दाराला धरून उभा. मला खोटं जमत नाही. मी पुढे होऊन रजई काढली. टोमॅटो घरंगळत त्यांच्या पायाशी गेले. बाई पलंगावर बसल्या त्या हसतच. जेवताना मध्येच पुन्हा हसायच्या. सूनबाई मात्र ताटात बघून जेवत होती.

सकाळी मी खिडकीतच बसलो होतो. शेजारीणबाई पिशव्या घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "काका, चपला घाला. आजपासून रोज माझ्याबरोबर भाजीला यायचं, असं तुमच्या सूनबाईनं सांगितलंय. निवडणार मी, तुम्ही फक्त उचलायचं."