शंभर टक्के विश्वासाचे पत्रक

समाजाला सत्याची गरज असते हे खरे. पण विश्वासाची गरज त्याहून मोठी असते, आणि दोन्हींचा पुरवठा एकाच खिडकीवर होत नाही. संख्याशास्त्राच्या सरांना ही गोष्ट सहा वर्षे शिकवूनही समजली नव्हती. (सहा वर्षे ते हंगामीच होते.)

यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना संधी दिली. शाळेतील मुले घरी रोज सरासरी किती मिनिटे अभ्यास करतात, याचे पत्रक काढायचे. व्यवस्थापन मंडळाला पटले तर सर कायम. न पटले तर सर घरी.

सरांनी चिठ्ठ्या टाकून छत्तीस मुले निवडली. सरासरी आली सत्तर मिनिटे. प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांची पांगापांग, तीस. तिसाला छत्तिसाच्या वर्गमुळाने भागले, पाच आले. त्याला ९५ टक्क्यांसाठी ठरलेल्या १.९६ ने गुणले, ९.८ झाले. ते सत्तरातून एकदा वजा केले, एकदा त्यात मिळवले. निष्कर्ष: ९५ टक्के विश्वासाने, शाळेची सरासरी ६०.२ ते ७९.८ मिनिटे.

बाईंनी आयुष्यभर प्रगतिपुस्तके पाहिली, त्याच नजरेने हा कागद पाहिला.

“पंच्याण्णव? सर, पाच कुठे गेले?”

“बाई, हे गुण नाहीत. असे शंभर नमुने घेतले, तर साधारण पंच्याण्णव वेळा खरी सरासरी आपल्या हद्दीत सापडेल.”

“आणि पाच वेळा?”

“निसटेल.”

“आपल्या शाळेत कोणी निसटत नाही. सुधारून आणा.”

सरांनी ९९ टक्क्यांचे आणले: ५७.१ ते ८२.९. बाईंनी कौतुक केले आणि एक टक्का हुकल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

“विश्वास वाढवला की हद्द रुंदावते, बाई. नेमकं हवं असेल तर आणखी मुलं तपासू.”

“तपासायची कशाला? विश्वास ठेवायचाय ना त्यांच्यावर?”

घरी बायकोने विचारले, “अहो, यंदा तरी कायम होणार ना?”

“बहुतेक.”

“तुमच्या ‘बहुतेक’वर सहा वर्षं काढली मी. एकदा तरी ठाम बोला की!”

सर ठाम झाले. सकाळी अंतिम पत्रक टेबलावर होते: शंभर टक्के विश्वासाने, सरासरी शून्य ते एक हजार चारशे चाळीस मिनिटे. (दिवस तेवढ्यातच संपतो, नाहीतर सर आणखी उदार झाले असते.)

मंडळाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांना वरचा आकडा विशेष आवडला. सर त्याच बैठकीत कायम झाले. शेजारच्या शाळेचा विश्वास अजून पंच्याण्णवावरच अडकलेला असल्याने तिथले प्रवेशही इकडे वळले.

मग पत्रक घरोघरी गेले, खाली ‘वाचले, समजले, समाधान झाले’ असा पालकांच्या सहीचा रकाना होता. सगळ्या प्रती सहीनिशी परत आल्या. शंका: शून्य. तुमचीही प्रत पोचली. सहीपुढे तुम्ही ‘अभिमान वाटतो’ असे आपणहून लिहिले आहे. सही करताना मूल तुमच्या शेजारीच बसले होते. अभ्यास किती मिनिटे, हे त्यालाच विचारता आले असते.