शिल्लक राहिलेली कुपी

दमाचे आणि मंत्रशक्तीचे गणित आपल्यापूर्वी कोणालाही उलगडलेले नाही, हे शिराफुजी सरांनी ओसाकातल्या त्या खेळ बनवणाऱ्या कंपनीत पहिल्याच दिवशी अत्यंत विनयाने सांगितले होते. बारा वर्षे त्यांनी जुन्या वैद्यकाच्या आणि किमयेच्या पोथ्या वाचण्यात घालवली होती. नव्या खेळात तीन वीर डोंगर चढून ड्रॅगनला भिडणार होते. मंत्र टाकला की त्यांचा दम किती खर्चावा आणि तो कशाने भरून यावा, हे ठरवण्याचे काम सरांकडे होते. शुक्रवारपर्यंत ही व्यवस्था चोख चालली, तर मुख्य रचनाकाराचे पद त्यांचेच होते. विभागप्रमुख मिकुरियाबाई तसे स्पष्ट बोलल्या नव्हत्या. पण आजकाल त्या सरांना जिन्यात आधी वाट देत, आणि विद्वानाला एवढा पुरावा पुरतो.

व्यवस्था सुटसुटीत होती. तिघांच्या सामायिक झोळीत काढ्याच्या बारा कुप्या. दम संपला की बटण दाबायचे, एक कुपी प्यायची, पुढे चालायचे.

सोमवारी इनुई, कादोवाकी आणि हिनोकाका हे विभागातले तिघे एकेक वीर घेऊन एका टेबलाभोवती चाचणीला बसले. ड्रॅगन मेला. झोळीत एक कुपी उरली.

"म्हणजे औषध जास्त झालं," सर म्हणाले. "सुकाळात कसलं आलंय शौर्य?"

मंगळवारी त्यांनी आठच कुप्या दिल्या. वीर रखडत पोचले, ड्रॅगन कसाबसा मेला, एक कुपी उरली. दुर्मिळतेतूनच संयम जन्मतो, असे तीन पानी टिपण सरांनी लिहिले. बुधवारी चार कुप्या. दोन वीर ड्रॅगनसमोर पडले, तिसरा पायरीवर धापा टाकत बसून राहिला. एक कुपी उरली. टिपण अकरा पानांचे झाले.

गुरुवारी, शास्त्राशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहायचे म्हणून, सरांनी एकच कुपी ठेवली. तिन्ही वीर अर्ध्या वाटेत, त्या भरलेल्या कुपीभोवती, रांगोळी काढल्यासारखे मरून पडले. ड्रॅगनला जागही आली नाही.

मिकुरियाबाई मागे येऊन उभ्या होत्या. "कोणी मारलं यांना?"

"कोणीच नाही, बाई," इनुई म्हणाला.

"मग कुपी का नाही प्यायलास?"

"कादोवाकीताईंचा दम माझ्याआधी संपलेला."

"माझं काय एवढं," कादोवाकी म्हणाली. "मला वाटलं, हिनोकाका घेतील. वयानं मोठे."

"मी? पोरं तहानलेली असताना?" हिनोकाका दुखावले.

सरांचा संताप ग्रंथालयाच्या आवाजात बाहेर पडला. "तुम्ही मरत होता."

"हो, पण शेवटची होती ना ती," कादोवाकी म्हणाली. "सर, ताटलीतला शेवटचा घास आपल्याकडे कोण उचलतं? मी प्यायले असते, तर तिघांत हावरी मीच ठरले असते."

"मेलेल्या तिघांत?"

"मेलो तरी शेजारी-शेजारीच बसतो ना आम्ही."

ताकोयाकीच्या ताटलीतला ऑक्टोपसचा शेवटचा गोळा सरांनीही चाळीस वर्षांत कधी उचलला नव्हता. म्हणूनच रोज उरणाऱ्या एका कुपीत तो त्यांना दिसला नव्हता.

"झोळीच काढून टाका," कादोवाकी म्हणाली. "वाटेत एक मावशी ठेवा. ज्याचा दम संपेल त्याच्या तोंडाला ती न विचारता कुपी लावेल."

"याला ग्रंथाधार नाही."

"माझी मावशी आहे की. शेवया नको म्हटलं तर आणखी वाढते."

शुक्रवारी मावशीने तिन्ही वीरांना दटावून पाजले. ड्रॅगन मेला, एकही कुपी उरली नाही, आणि मिकुरियाबाई प्रसन्न झाल्या.

"शिराफुजी सर, मुख्य रचनाकार तुम्ही व्हा."

सर कमरेत वाकले. "माझी कुठली लायकी. मी पुस्तकी माणूस."

"असं काय म्हणता? व्हा तुम्हीच."

"छे छे, माझ्याहून योग्य माणसं आहेत इथे."

तिसऱ्या आग्रहाला मान तुकवायची, हे सरांनी नेमक्या वाक्यासकट ठरवले होते. बाईंनी घड्याळ पाहिले, उसासा टाकला आणि मान वळवली.

"कादोवाकी, तू होशील?"

"हो," कादोवाकी म्हणाली.

सर्वांत आधी टाळ्या शिराफुजी सरांनीच वाजवल्या. इतक्या पोथ्यांत हा एकाक्षरी मंत्र कुठेच दिलेला नव्हता, आणि त्याला दमही लागत नाही.